कुळाचा कागद : परभणी जिल्ह्यातील जमीनहक्काची हकीकत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. म्हण काही खोटी नव्हे. तारखा पडतात, वकिलाची फी वाढते, गावापासून तालुक्यापर्यंतचे हेलपाटे होतात आणि इकडे शेतातली कामे अडून राहतात. तथापि ह्या म्हणीला आणखी एक बाजू आहे. जो शहाणा ती पायरी चढत नाही, त्याच्या हक्काचे काय होते? पुष्कळदा असे होते की, दुसरा कोणी अधिक शहाणा ती पायरी चढतो, एक कागद करून आणतो, आणि पहिल्याला त्याचा पत्ता लागतो तो नांगर बांधावर अडवला जातो त्या दिवशी. परभणी जिल्ह्यातील कुळांच्या बाबतीत हे कसे घडले, त्यावर कायद्याने कोणता इलाज केला आणि तो इलाज कितपत लागू पडला, त्याची ही हकीकत आहे. हकीकत जुनी असली तरी तिच्यातून घ्यायचा बोध आजच्या व्यवहाराचा आहे.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सर सालारजंग यांच्या कारभारात 1865 साली जिल्हाबंदी झाली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटून पगारी अंमलदार नेमले गेले. जिल्ह्याच्या मुख्य अंमलदाराला त्या वेळी अव्वल तालुकदार म्हणत. पुढे जो कलेक्टर झाला, तोच हा. गावात माली पाटील वसुली पाही, पोलीस पाटील बंदोबस्त पाही आणि पटवारी दप्तर सांभाळी. हिंगोलीकडचा मुलूखही तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी.

संस्थानातली जमीन सगळी एका प्रकारची नव्हती. सरकारच्या खालशाची ती दिवाणी, खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेली ती सर्फेखास आणि सरदार-मानकऱ्यांना तोडून दिलेली ती जहागीर. दिवाणी मुलखात मराठवाड्यापुरती रयतवारीची पद्धत बसली होती. मोजणी होऊन आकार ठरला आणि ज्याच्या नावावर आकार लागला तो पट्टेदार झाला. जमीन महसुलाचा कायदा 1317 फसलीचा. फसली सन ऐकून आज आपण गोंधळतो, पण हिशेब सोपा आहे : फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हा कायदा 1907-08 चा. ह्या फसली वर्षाचा पहिला महिना अजूर आणि अजूरची पहिली तारीख म्हणजे 6 ऑक्टोबर. ही 6 ऑक्टोबर तारीख ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पट्टेदार म्हणजे ज्याचे नाव सरकारी दप्तरात तो. पण ज्याचे नाव दप्तरात, त्याचेच बैल शेतात, असे नेहमी नसे. पट्टेदार परगावी असे, किंवा सावकार असे, किंवा एकाच घरात इतकी जमीन असे की ती घरच्या माणसांच्याने वाहवली जात नसे. मग ती दुसऱ्याला द्यायची. कोणी बटईने देई, म्हणजे पिकाची वाटणी. कोणी ठोक्याने देई, म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मोजायची. करार बहुधा तोंडी. पाडव्याच्या सुमारास बोलणी व्हायची आणि पुढल्या पाडव्याला मालकाची मर्जी असली तर कूळ राहायचे, नसली तर उठायचे.

मालकाची मर्जी फिरायला कारणेही तशी होती. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली. सेलू, मानवत, परभणी ह्या बाजारांतला कापूस गाडीत भरून दूर जाऊ लागला. काळ्या जमिनीला भाव आला. भाव आला तशी ती तारण ठेवून कर्जही मिळू लागले. पुढे 1929-30 नंतर जगभर मंदी पसरली, कापसाचे भाव कोसळले. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले, उलट व्याजाने वाढले. मग कोठे गहाणखत, कोठे खरेदीखत होऊन जमीन सावकाराच्या नावावर चढे आणि कालचा पट्टेदार आपल्याच वावरात आज कूळ म्हणून राबे. हैदराबाद सरकारलाही ह्याची दखल घ्यावी लागली. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची चौकशी करून भरुचा यांनी 1937 साली जो अहवाल दिला, तो ह्याच दुखण्याचा होता.

अशा कुळाला संस्थानच्या दप्तरात शिकमी म्हणत. 'शिकम' म्हणजे फारसीत पोट. आपण मराठीत पोटकूळ म्हणतो तसाच हा शब्द. पट्टेदाराच्या पोटात असलेला तो शिकमी. त्याला स्वतंत्र तोंड नाही. 1354 फसलीत, म्हणजे 1944-45 मध्ये, आसामी शिकमी कायदा आला आणि सालोसाल जमीन कसणाऱ्याला काही संरक्षण द्यावे, हे तत्त्व मान्य झाले. पण कागदावरचे तत्त्व परभणीच्या रानात पोचायला नुसता कायदा पुरत नाही. कोर्टाची भाषा उर्दू, गावच्या जुन्या कागदांची लिपी पुष्कळ ठिकाणी मोडी आणि कुळाला दोन्ही अक्षरे सारखीच काळी. अर्जनवीस लिहील तो अर्ज आणि कारकून वाचील तो अर्थ!

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि चित्र पालटू लागले. 1949 च्या ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. तिकडे तेलंगणात 1946 पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चाललेला होता. जमिनीचा प्रश्न सोडवल्यावाचून राज्य चालणार नाही, हे सरकारला उमगले होते. 10 जून 1950 पासून हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा अंमलात आला. मराठवाड्यातल्या कुळाच्या आयुष्यातला हा फार मोठा कागद.

ह्या कायद्याने 'संरक्षित कूळ' असा एक नवा दर्जा निर्माण केला. तो कोणाला? तर ज्याने कूळ म्हणून सलग सहा वर्षे जमीन कसली त्याला. ही सहा वर्षे कोठून मोजायची, ह्यासाठीच आपली ती 6 ऑक्टोबरची तारीख उपयोगी पडली. 1943 च्या ऑक्टोबरपर्यंतच्या, कायद्याने नेमून दिलेल्या फसली सालांत सलग सहा वर्षे कसणूक असेल तरी चालेल, किंवा त्यानंतर सुरू होऊन कायदा येण्यापूर्वी सहा वर्षे पुरी झाली असतील तरी चालेल. एवढे दाखवता आले की कूळ संरक्षित झाले.

संरक्षित झाले म्हणजे काय झाले? पहिली गोष्ट, पाडव्याला 'ऊठ' म्हटले की उठायचे, हे बंद झाले. तहसीलदाराच्या हुकुमावाचून मालकाला जमिनीचा ताबा घेता येईना. दुसरी गोष्ट, खंडाला मर्यादा आली. 1954 च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा सरकारी आकाराच्या पटीत ठरली. आपल्याकडच्या काळ्या कोरडवाहू जमिनीला आकाराच्या पाचपट. खंडाखेरीज वेठ, भेट, फुकटचे काम असे काही मागण्याचा मालकाला हक्क उरला नाही. तिसरी गोष्ट, कूळ मेले म्हणून कूळपण मरेना; ते वारसांकडे जाऊ लागले. आणि चौथी, सर्वांत मोठी : वाजवी किंमत देऊन ती जमीन विकत घेण्याचा हक्क कुळाला मिळाला.

हक्कांबरोबर कायद्याने जबाबदाऱ्याही सांगितल्या, आणि त्या पुष्कळदा कोणी कुळाच्या कानावर घातल्या नाहीत. खंड वेळेवर भरला पाहिजे. जमिनीची खराबी करता कामा नये. ती पुन्हा दुसऱ्याला पोटखंडाने देता कामा नये. स्वतः कसली पाहिजे. ह्यांपैकी काही चुकले तर मालकाला तहसीलदाराकडे अर्ज करून कूळवहिवाट संपवून घेता येत होती. म्हणजे संरक्षण होते ते राबणाऱ्याला होते; नुसते नाव लावून बसणाऱ्याला नव्हते.

आता कायदा असा चांगला असताना पुढे काय झाले ते पाहू. उस्मानिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातील जहागीर-निर्मूलन व जमीन-सुधारणांच्या परिणामांची पाहणी केली. ती 1958 साली प्रसिद्ध झाली. 1951 मध्ये जी संरक्षित कुळे होती, त्यांचे पुढल्या तीन-चार वर्षांत काय झाले, हे त्यांनी तपासले. आकडे साऱ्या राज्याचे आहेत, पण आपण विचार करावा असेच आहेत. शंभरांतील सुमारे 45 कुळे जमिनीवर टिकून राहिली. सुमारे 12 कुळांनी जमीन विकत घेतली. कायद्याच्या रीतीने, हुकूम होऊन उठवली गेली ती जेमतेम 3. बेकायदा हुसकावली गेली ती सुमारे 22. आणि ज्यांनी 'आपखुशीने' जमीन सोडून दिली, अशी सुमारे 18.

ह्या 18 जणांपाशी थोडे थांबायला हवे. राजीनामा हा शब्द 'राजी' पासून आला आहे. राजी म्हणजे खूश, कबूल. पिढ्यान् पिढ्या जमिनीसाठी जीव टाकणारा कुणबी, सरकार आता जमीन देऊ करीत असताना, नेमका त्याच वेळी ती खुशीने सोडून देतो, हे कोणाला पटेल?

धरून चालू की दुधनेकाठच्या एखाद्या गावात एक कूळ आहे. घरात आजारपण आहे, औषधाला पैसा हवा आहे. पैसा देणारा एकच, तो म्हणजे जमिनीचा मालक. मालक म्हणतो, ''पैसे घे की! मी कुठं नाही म्हणतो? फक्त ह्या कागदावर अंगठा कर. व्यवहाराला कागद असलेला बरा.'' कूळ विचारते, ''काय लिवलंय मालक?'' ''तुझ्याच फायद्याचं आहे रे. माझ्यावर भरवसा नाही होय?'' ह्या शेवटच्या प्रश्नाला गावात उत्तर नसते. भरवसा नाही असे म्हणणार कसे? उद्या पेरणीला बी त्याच्याचकडून आणायचे आहे. अंगठा उठतो. कागद राजीनाम्याचा असतो.

कायद्याला हा डाव ठाऊक नव्हता असे नाही. म्हणूनच राजीनामा लेखी पाहिजे आणि तो कुळाने समजून, खऱ्या राजीखुशीने दिला आहे अशी तहसीलदाराने स्वतः खात्री करून घेतली पाहिजे, असे बंधन घातले गेले. तशी खात्री झालेली नसेल तर तो राजीनामा कायद्याच्या दृष्टीने निकामी. पण कुळाला हे माहीत असेल तर ना! 'आपण अंगठा केला, संपले' असे समजून तो मुकाट्याने घरी बसला. जी गोष्ट कायद्याने संपली नव्हती, ती अज्ञानाने संपली. ज्या 22 जणांना राजीनामाही न घेता हुसकावले, त्यांनाही तहसीलदाराकडे ताबा मागता आला असता. त्यांच्यापैकी ज्यांना हा दरवाजा ठाऊकच नव्हता, त्यांच्यापुरता तो दरवाजा नसल्यासारखाच.

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमीन दुसऱ्याला लावणारा प्रत्येक जण गढीवाला नव्हता. एखादी विधवा, एखादा अज्ञान मुलगा, नोकरीसाठी दूर गेलेला एखादा शिक्षक, ह्यांचीही चार-सहा एकर जमीन बटईने दिलेली असे आणि त्यावरच त्यांचे घर चाले. कायद्याने मालकाला ठराविक मर्यादेपर्यंत स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची वाट ठेवली होती, ती ह्यासाठीच. पण तीही वाट तहसीलीतून जाणारी होती, लाठीच्या जोरावरची नव्हती. सरळ मालकाला कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. खंडाची पावती देणे आणि अर्ज वेळेत करणे, एवढे त्याने केले की पुरे होते.

1954 च्या दुरुस्तीने कायद्यात 38-ई हे कलम आले. ह्या कलमाने सरकारने तारीख जाहीर करायची आणि त्या तारखेपासून, कायद्यातील मर्यादांना अधीन राहून, संरक्षित कूळच जमिनीचे मालक समजले जायचे. किंमत हप्त्यांनी फेडायची. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी कायदा हैदराबादचाच राहिला आणि मराठवाड्यात त्याची अंमलबजावणी 1957 पासून पुढे चालली. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा 1948 चा कायदा. त्यातला 'कृषक दिन' 1 एप्रिल 1957. विदर्भाला 1958 चा तिसराच कायदा. राज्य एक, कायदे तीन. म्हणून पुण्याच्या पाहुण्याने सांगितलेला कुळकायदा परभणीच्या शेताला जसाच्या तसा लावू नये. आपल्या शेताचा कायदा आपल्या तहसीलीत विचारावा. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्या-घेण्यावर कायद्याची बंधने असतात, तेव्हा अशा जमिनीचा सौदा करण्यापूर्वी तर अवश्य विचारावे.

आता ह्या साऱ्या हकीकतीतून आपण आपल्यासाठी काय घ्यायचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची. ती 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली आणि निजामाच्या काळचा 1317 फसलीचा कायदा मागे पडला. पहाणीपत्रकाच्या जागी सातबारा आला. सात नंबरात जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचे कोणते हक्क, हे असते; बारा नंबरात पीकपाणी. ह्या नोंदी खोट्या ठरेपर्यंत खऱ्या मानल्या जातात. नीट ऐका, 'खोट्या ठरेपर्यंत'! म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढले म्हणून कोणी त्याच क्षणी मालक होत नाही, की नाव उतरले म्हणून हक्क नाहीसा होत नाही. पण नोंद आपल्या विरुद्ध असेल तर ती खोटी आहे हे दाखवण्याचा बोजा आपल्यावर येतो. हा बोजा पन्नास वर्षांनी नातवाच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा आज आपण दोन हेलपाटे घातलेले बरे.

वारसाने, वाटणीने किंवा अन्य रीतीने जमिनीत हक्क मिळाला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याला, खबर देणे हे आपले कर्तव्य आहे. आणि त्या खबरेची लेखी पोच मागणे हा आपला हक्क आहे. खरेदीखतासारखा दस्त नोंदवलेला असला तर ती खबर नोंदणी कार्यालयाकडून जाते, पण वारसाची खबर आपणच द्यायची. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधीयांना नोटीस येते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. नोटीस घ्यायची नाही, म्हणजे संकट टळले, असे समजणारी माणसे गावोगाव आहेत. नोटीस परत गेल्याने संकट परत जात नाही; फक्त आपली हरकत राहून जाते. घरातल्या बहिणींची नावेही ह्याच वेळी पाहावीत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊन बहिणीचा हक्क सोडवून घेणे आणि कुळाचा राजीनामा घेणे, ह्यांत फारसा फरक नाही.

सावकारीचेही तसेच. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वी सांगितला. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करण्यास मनाई आहे. सावकाराला परवाना लागतो. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देत नाही. आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. 1937 च्या त्या अहवालाच्या काळी एवढा दरवाजा उघडा असता, तर किती वावरे वाचली असती!

दुकानदार-व्यापाऱ्यांनीही हे परक्याचे पुराण समजू नये. उधारीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. 'आपलाच माणूस आहे, देईल केव्हा तरी' म्हणत चौथे वर्ष उजाडले की वही जवळ असूनही दावा बुडतो. उलट, माल घेताना पक्की पट्टी देणारा अडत्या आणि रक्कम पोचली की पावती फाडणारा दुकानदार भांडणात सहसा हरत नाही. पावती ही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही राखण आहे. कुळाच्या काळात मालक पावती देत नसे, ती कूळ मागत नसे, आणि सहा वर्षांची कसणूक सिद्ध करायला मग शेजाऱ्यांच्या साक्षी धुंडाळत फिरावे लागे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही सबबही आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे ह्यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अर्ज साध्या मराठीत करता येतो. उर्दू येत नाही म्हणून गप्प बसण्याचे दिवस गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी विनाकारण चढू नये, हे खरेच. पण ती पायरी चढावी लागू नये, म्हणूनच कागद वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्यावा, समजल्यावाचून अंगठा उठवू नये आणि दिल्या-घेतल्याची पावती जपून ठेवावी. ज्या 18 कुळांच्या कपाळी 'आपखुशी' असे लिहिले गेले, त्यांना हे सांगणारे कोणी भेटले नाही. आपल्या घरी मात्र पेटीतले कागद एकदा बाहेर काढून पाहावेत, सातबाऱ्याशी ताडून पाहावेत, आणि काही कमी-जास्त आढळले तर ह्या आठवड्यातच तहसीलीकडे जावे, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.